तलंगेची वाट

आमच्या माणदेशात अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणतात. पिल्लू मोठं झालं, अंगावर पंख भरले, आईने टोचून दूर केलं, पण पहिलं अंडं अजून पडलेलं नाही, त्या मधल्या काळातली ती तलंग. पहिलं अंडं पडलं की ती कोंबडी होते आणि मग तिला पुन्हा कुणी तलंग म्हणत नाही. वाट पाहण्याच्या चार-सहा महिन्यांना भाषेने वेगळं नाव दिलं, याचा अर्थ ती वाट फार काळजीने पाहिली जात होती.

मी ३५ वर्षं पशुधन पर्यवेक्षक म्हणून खेडोपाडी हिंडलो. गडी माणसं मला बैलाच्या खांद्याबद्दल, म्हशीच्या गाभणपणाबद्दल विचारत. बाया मात्र मागच्या दारी थांबवून एकच गोष्ट विचारत, "सायेब, तलंग अंडं का देत न्हाय?" नोकरी लागली तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मी पुस्तकात शोधायचो. पुढे लक्षात आलं की त्यातलं बरंचसं उत्तर मी लहानपणी आजीच्या मागे फिरताना पाहिलेलं होतं.

आजोबा माळकरी. घरात अंडं-मटण चालत नसे, म्हणून आजीचं खुराडं परड्यात, गोठ्याच्या भिंतीला लागून होतं. खाली दगडमातीचा कट्टा, वर शेणाने लिंपलेली तुरकाठ्यांची भिंत आणि दाराला एक सपाट दगड. आजीच्या कमरेला दोन पिशव्या असत. एकीत पान, सुपारी, चुना आणि दुसरीत अंड्यांचे पैसे. शेताचे, बैलांचे, दुधाचे पैसे आजोबांच्या हातात. अंड्याचा पैसा तेवढा तिचा. मीठ, चहापूड, माहेरी आलेल्या लेकीला चोळी आणि माझी पाटी-पेन्सिल त्या दुसऱ्या पिशवीतून आली. आजोबांनी त्या पिशवीचा हिशेब कधी मागितला नाही.

सकाळी दगड सरकवला की आजी प्रत्येक कोंबडीला हातात धरून चाचपायची. पोटात अंडं हाताला लागलं तर ती डालग्याखाली, बाकीच्या मोकळ्या. तलंगेची पाहणी वेगळी असे. शेपटीखालच्या दोन बारीक हाडांमध्ये ती बोटं आडवी ठेवून बघायची. एकच बोट मावलं तर म्हणायची, "अजून लांब हाय." दोन मावली की तिचा चेहरा उजळायचा. मग तुरा बघायचा. पांढुरका, आखडलेला तुरा हळूहळू लालबुंद होतो. पाठीवर हात ठेवला की तलंग पळायची थांबते आणि पंख जरा पसरून खाली बसते. असं झालं की आजी कोपऱ्यात एका फुटक्या पाटीत भुसा घालून त्यावर नदीतला एक पांढरा गोल गोटा ठेवायची. नवख्या तलंगेने तो बघून तिथंच बसायला शिकावं म्हणून. पुढे नोकरीच्या प्रशिक्षणात अंड्यावरची कोंबडी ओळखायची रीत शिकवली, तेव्हा हाडांमधलं अंतर बोटांनीच मोजायला सांगितलं. त्या वर्गात मला आजीचा हात आठवला.

कोंबडीचा इतिहास शोधायला गेलं की सगळीकडे कोंबडा भेटतो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात प्राण्यांना अभय देताना कोंबड्यांचं खच्चीकरण करू नये असं कोरून घेतलं. मनुस्मृतीने द्विजांना गावकोंबडा खायला मनाई केली. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये कोंबड्यांच्या झुंजीला जागा मिळाली. आमच्याकडे म्हसोबाला, मरीआईला मान कोंबड्याचा. म्हणीतही झाकलं जातं ते कोंबडंच, आणि तांबडं फुटायचं त्यामुळे राहत नाही. लेखात, धर्मशास्त्रात, राजाच्या अंगणात आणि देवाच्या दारात कोंबडा आहे. अंडी घालणारी, उबवणारी, पिल्लांना पंखाखाली घेणारी कोंबडी मात्र मागच्या दारीच राहिली. तिचं शास्त्र लिहिलं गेलं नाही, कारण ते ज्यांच्या हातात होतं त्या बायांना लिहिता येत नव्हतं. शिवाय वरच्या म्हणवणाऱ्या पुष्कळ घरांनी कोंबडी निषिद्ध मानली. त्यामुळे हे ज्ञान महारवाड्यात, मांगवाड्यात, धनगरांच्या वाड्यांवर, भिल्ल-कातकऱ्यांच्या पाड्यांवर आणि साध्या कुणबी घरांत वाढलं. त्या घरांचा इतिहासही कुणी फारसा लिहून ठेवला नाही.

एक गोष्ट मात्र शरीरातच लिहून राहिली. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा, हे ठाऊक होतंच. पण अनेक कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग त्याच्याकडून आलेला नाही. तो आपल्या सह्याद्रीत आणि दक्षिणेच्या रानात हिंडणाऱ्या राखाडी रानकोंबड्याच्या कुळाकडून आला, असं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. कोयनेच्या खोऱ्यात पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते, त्याचा वारसा जगभरच्या खुराड्यांत पोहोचला आहे. रानातली कोंबडी विणीच्या हंगामात चार-सहा अंडी घालते, ती उबवते आणि पुढचे महिने अंड्याचं नाव काढत नाही. आपल्या गावठी कोंबडीत त्या रानाचा संयम अजून शिल्लक आहे. ती सहा-सात महिन्यांनी, कधी आणखी उशिरा अंड्यावर येते. मग बारा-पंधरा अंड्यांचा एक डाव घालते, खुडूक होते, २१ दिवस बसते आणि दोन-तीन महिने पिल्लांमागे हिंडते. वर्षाला तिची ५०-६० अंडी होतात.

संयमाचं हे गणित मला बहात्तरच्या दुष्काळाने शिकवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. घरातली माणसं खडी फोडायच्या कामावर जात आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, मिलो, मिळत असे. आजीकडे त्या वर्षी माघात निघालेल्या सात तलंगा होत्या. एरवी भादव्याच्या आसपास त्यांची पहिली अंडी पडायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली, एकीनेही अंडं दिलं नाही. तुरे पांढुरके आणि हाडांमध्ये एकच बोट. शेजारच्या बाया म्हणाल्या, वांझ निघाल्या, कापून टाका, तलंगेचा रस्सा तरी पोरांच्या पोटात जाईल. आजीने ऐकलं नाही. ती एवढंच म्हणाली, "वांझ म्हणू नगा. दुष्काळ तिलाबी कळतुया."

आजीच्या बोलण्याचा अर्थ मला मोठेपणी उलगडला. आमचे बैल छावणीत होते. गोठ्यात शेण नाही, म्हणून उकिरडा वाळून दगड झालेला. उकिरडा ओला नाही म्हणून त्यात किडा नाही, अळी नाही. खळ्यावर मळणी नाही म्हणून सांडलेला दाणा नाही. कोंबडीला रोजचं मांस उकिरड्यातून मिळतं आणि तेच त्या वर्षी बंद झालं होतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. सव्वा किलोच्या पाखराला ते दर खेपेला अंगातून काढून द्यायचं असतं. म्हणून पहिल्या अंड्याच्या दोनेक आठवडे आधीपासून तलंगेच्या पायांच्या पोकळ हाडांत चुन्याचा वेगळा साठा होऊ लागतो. अंगात पुरेसं नसेल तर शरीर अंड्याचं काम सुरूच करत नाही. त्र्याहत्तरच्या जूनमध्ये वळीव झाला आणि संध्याकाळी वाळवीला पंख फुटून ती जमिनीतून उसळली. आजीने सातही तलंगा त्या किड्यांवर सोडल्या. गोठ्याची भिंत नुकतीच चुन्याने सारवली होती. तलंगा जाता-येता त्या भिंतीला चोच मारत आणि आजी हाकलत नसे. तीनेक आठवड्यांनी पांढऱ्या गोट्याशेजारी पहिलं अंडं दिसलं. लहानसं, तपकिरी, कवचावर रक्ताचा बारीक ठिपका. आजीने ते विकलं नाही, माझ्या हातावर ठेवलं. त्या तलंगा तेव्हा सव्वा वर्षाहून मोठ्या झाल्या होत्या.

मी खात्यात लागलो तो काळ गावठी कोंबडी सुधारण्याचा होता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपासून देशात कुक्कुट विकासाला जोर आला होता. आपल्याकडे पुणे, कोल्हापूर, औरंगाबाद आणि नागपूर इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं होती. गावात जाऊन ऱ्होड आयलंड रेड किंवा ऑस्ट्रॉलॉर्प जातीचा कोंबडा द्यायचा, गावठी कोंबडे काढून घ्यायला सांगायचं आणि पुढच्या पिढीत अंडी वाढतील अशी वाट पाहायची. इथेही सुरुवात कोंबड्यापासूनच झाली. पुष्कळ ठिकाणी तो तांबडा देखणा कोंबडा आखाडाच्या जत्रेपर्यंत टिकायचा आणि म्हसोबाला जायचा. तिथे बायकांना आधी विचारलं असतं तर काम सोपं झालं असतं, हे आता मला मनापासून वाटतं.

लसीकरणात मात्र खात्याने परड्यातल्या कोंबडीचं खरं भलं केलं. मानमोडी आली की एका रात्रीत खुराडं रिकामं व्हायचं. माना वाकड्या, हिरवी हागवण आणि सकाळी दगड सरकवला की आत सगळ्या आडव्या. हा रोग भारतात १९२७ साली कुमाऊंमधल्या राणीखेतला नोंदला गेला आणि आपल्या पुस्तकांत त्याला तेच नाव मिळालं. त्याच्यावरची आमच्या हातातली लस १९४० च्या दशकात मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत तयार झाली. ती संस्था १८८९ साली सुरू झाली ती आपल्या पुण्यात, आणि १८९३ ला हिमालयात हलली. बर्फ भरलेला थर्मास सायकलला अडकवून मी दिवेलागणीला वस्त्यांवर जायचो, कारण कोंबडी सापडते ती खुराड्यात शिरल्यावरच. कंदिलाच्या उजेडात बाया एकेक पाखरू धरून देत. मानमोडीतून वाचलेली तलंगही महिनोन्‌महिने अंड्यावर येत नाही, हे त्यांनीच मला दाखवलं.

१९९१ च्या थंडीतली एक वस्ती मला कायम आठवते. तिथल्या बाईंनी उधारीवर बारा सुधारित तलंगा घेतल्या होत्या. आठ महिने झाले तरी अंडं नाही आणि घरात रोज बोलणी बसत होती. मी पोचलो तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसत विचारलं, "भाऊ, माझाच हात वाईट म्हणायचा का?" मी आधी खुराडं बघायला मागितलं. जिन्याखालची कोंदट जागा, फट म्हणून नाही. बाई पहाटे रानात जात आणि दहाच्या सुमाराला परत आल्यावर दार उघडत. दिवस मावळायच्या आधी कोल्ह्या-मुंगसाच्या भीतीने पुन्हा बंद. थंडीत आमच्याकडे दिवस मोजून अकरा तासांचा. त्यातले जेमतेम सात तास त्या पाखरांच्या वाट्याला येत होते.

कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. झाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून दाखवलं की डोळे झाकले तरी उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोहोचतो आणि वीण जागी करतो. दिवस मोठा होतोय असं मेंदूला कळलं की अंडाशयाला निरोप जातो. बारा तासांच्या वर उजेड मिळू लागला की तलंग वयात येते आणि चौदा-सोळा तासांवर भरभरून अंडी देते. थंड देशांत हिवाळ्याचा दिवस आठ तासांचा, म्हणून तिथे दिवे लावल्याखेरीज भागत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यातला सर्वांत छोटा अकराचा, एवढाच फरक. निसर्गाने आपल्या कोंबडीची फार अडवणूक केलेली नाही. तिला अंधारात ठेवतं ते आपलंच खुराडं. झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे कोंबड्यापुरतं खरं. झाकलेल्या तलंगेपर्यंत मात्र ते तांबडं पोचत नाही.

आम्ही त्या खुराड्याच्या भिंतीला पूर्वेकडे वीतभर खिडकी पाडली आणि तिला जाळी ठोकली. दाराची जबाबदारी धाकट्या मुलाने घेतली. शाळेला जायच्या आधी तो दगड सरकवू लागला. नुसत्या ज्वारीच्या कण्यांवर पोसलेल्या तलंगांना शेंगदाण्याची पेंड आणि ठेचलेल्या शिंपल्या सुरू केल्या. विष्ठेत जंत दिसत होते, त्याचं औषध पाजलं. पिसांच्या मुळाशी उवा होत्या, म्हणून चुलीच्या चाळलेल्या राखेचा खड्डा करून दिला. कोंबड्या त्यात लोळल्या की अंग साफ करतात. निघताना मी सहज कडब्याच्या गंजीमागे गेलो. तिथे पेंढ्यांच्या बेचक्यात सतरा अंडी होती. दोन तलंगा कधीच्या अंड्यावर आल्या होत्या आणि घरातली कोंदट जागा सोडून बाहेर घालत होत्या. बाई त्या अंड्यांकडे बघतच राहिल्या. माघ संपायच्या आत बारातल्या नऊ तलंगा सुरू झाल्या आणि उधारी फिटली.

त्याआधीपासूनच कोंबडीचं दुसरं जग पुण्याजवळ उभं राहत होतं. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी तिथे वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आणि १९८२ ला अंडी उत्पादकांची समन्वय समिती स्थापन करून अंड्याचा भाव उत्पादकाने ठरवायची चळवळ उभारली. त्या कामाने अंडं गरिबाच्या ताटापर्यंत आणलं, याबद्दल मला आदर आहे. पिंजऱ्यातली संकरित कोंबडी अठरा-वीस आठवड्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला ३०० च्या वर अंडी देते. तिच्यासाठी दिवस विजेने लांबवतात आणि ती खुडूक होतच नाही, कारण तेवढी माया तिच्या वंशातून निवडून काढली आहे.

नुकसान झालं ते आपल्या अपेक्षेचं. लोक पिंजऱ्यातल्या कोंबडीचं कॅलेंडर परड्यातल्या कोंबडीला लावू लागले. सरकारी योजनेत २५ माद्या आणि ३ नर अशा आठ-दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट मिळतो. गिरीराज, वनराज या जाती परड्यासाठीच तयार केलेल्या आहेत. वनराजला परड्यात अंड्यावर यायला सुमारे सहा महिने लागतात आणि कडकनाथलाही तेवढेच. पण पाचवा महिना लागला की फोन येतो, "फसवलं हो, एकही अंडं नाही." सहाव्या महिन्यात निम्म्या तलंगा विकून टाकलेल्या असतात. ज्या आठवड्यात त्या हाडांत चुना साठवू लागल्या असतील, नेमक्या त्याच आठवड्यात.

सेवानिवृत्त झाल्यावर मी परड्यात नऊ कोंबड्या पाळल्या. नातीला रोज सकाळी दार उघडायला सांगतो आणि तिला बोटांचं माप शिकवतो. एक तलंग सहा महिने उलटूनही बसून होती. तिला दुसऱ्या दोघी दाण्याजवळ येऊ देत नव्हत्या. आम्ही दाणा दोन ठिकाणी टाकू लागलो आणि महिन्याभरात तिचा तुरा तांबडा झाला. अंड्याचे पैसे नात एका डब्यात ठेवते आणि तो डबा तिचाच आहे.

तुमच्या परड्यात उशिरा येणारी तलंग असेल तर कसायाला किंवा पाहुण्याला देण्याआधी तिला दोन महिने द्या. पहाटे दार उघडा, पूर्वेला खिडकी पाडा, शिंपल्या ठेचून ठेवा, जंताचं औषध आणि मानमोडीची लस चुकवू नका, कडब्याच्या गंजीमागे एकदा जाऊन बघा. आणि घरात कुणी म्हातारी असेल, तर हे सगळं आधी तिला विचारा. आजीच्या सातही तलंगा सव्वा वर्षानंतर का होईना, अंड्यावर आल्या. त्यातली एकही वांझ नव्हती.